बेचाळिसावी डबी

१

उस्ताझा सुहैर यांचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले, तेव्हा कैरोहून कागद आला. कापून काढलेल्या स्तनात रोग नव्हता. कुठेच नव्हता.

डॉक्टर मुनीरांनी तो कागद मनाशी तीनदा वाचला आणि चौथ्यांदा, तो आल्याच्या तिसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. मन्सूऱ्यातल्या त्यांच्या लॅबचे झाडून सगळे लोक बाहेरच्या खोलीत उभे होते. चहाचे पेले हातात तसेच निवत चालले होते.

"आपण 'रोग आहे' असं लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "खाली सही माझी आहे."

हातेम छपाईयंत्रापाशी उभा होता. तो लॅबचा नोकर नव्हता. नमुन्यांची नोंद ठेवणारं वेब अ‍ॅप्लिकेशन त्यानं लिहिलं होतं, आणि काही अडलं की त्याला बोलावत. काम साधं होतं. नमुन्याची डबी आली की पानावर तिचा आकडा टाकायचा, पडद्यावर बारकोडचं चित्र उमटायचं, ते चिकटपट्टीवर छापून डबीला लावायचं. पुढे आतल्या खोलीत त्या रेघांवर लाल उजेड धरला की कुणाची डबी ते समोर येई.

कोपऱ्यातल्या खुर्चीत मदाम फिक्रिया बसल्या होत्या. जिल्ह्याच्या आरोग्य तपासणीतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. डॉक्टर मुनीरांनी त्यांना सकाळीच बोलावून घेतलं होतं. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया दातांनी फोडत त्या ऐकत होत्या.

"कागदावर रोग होता ना?" त्यांनी विचारलं.

"होता. काचेखाली मी स्वतः पाहिला."

"मग तो कुणाचा तरी आहे." त्यांनी टरफल तळहातावर घेतलं. "सुहैरबाईंचं जे गेलं ते गेलं. दुसरी एक बाई आत्ता कुठेतरी स्वयंपाक करतेय आणि तिला वाटतंय आपण ठणठणीत आहोत. आधी तिला शोधा. कुणाला हाकलायचं ते मग बघू."

"हाकललंय," नशवा हळूच म्हणाली. ती खिडकीवर बसून नोंदी करायची.

"कुणाला?"

"महरूसला. कालच."

२

महरूस आतल्या खोलीतला तंत्रज्ञ. डब्या उघडायचा, तुकडा मेणात बसवायचा, काचेवर घ्यायचा. अदलाबदल झाली तर ती त्याच्याच हातून होणार, हे कुणी वेगळं सांगायची गरज पडली नव्हती.

तरी डॉक्टर मुनीरांनी परवा हातेमला फोन केला होता. "बाशमुहंदिस," इंजिनिअरला मारतात ती हाक मारून त्या म्हणाल्या, "तुमच्या मशीनमध्ये तर काही नाही ना?"

हातेम तेव्हा नदीकाठच्या रस्त्यावर गाडीत अडकला होता. पाच मिनिटांत त्यानं फोनवरच उत्तर लिहून पाठवलं: प्रणाली तपासली. दोष नाही.

तपासली नव्हती. उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. तीन वर्षं ती चालू होती, कुणाची तक्रार नव्हती, आणि पुढच्या सिग्नलला तो ते विसरलाही होता. त्याच्या दोन ओळी छापून डॉक्टरांनी महरूससमोर ठेवल्या, हे त्याला आज, या खोलीत कळलं.

आणि या लॅबचं काम त्याला महरूसनंच मिळवून दिलं होतं. "आमच्या गल्लीतला पोरगा आहे, हुशार आहे," असं डॉक्टरांना सांगून.

"तू थांब," मदाम फिक्रिया त्याला म्हणाल्या. "मला ते पडद्यावरचं काही कळत नाही. तू दाखवायचं, मी बघायचं."

त्याला नाही म्हणता आलं असतं.

३

मदाम फिक्रियांनी काय विचारलं ते हातेमनं वहीत लिहिलं नाही. उत्तरं तेवढी लिहिली.

उस्ताझा सुहैर, गणिताच्या शिक्षिका, त्यांच्या घरी: "एकदाच. सुई एकदाच टोचली. डॉक्टर म्हणाले एक तुकडा पुरे. नाही, दोन नाही, मी आकडे शिकवते मदाम, एक आणि दोनमधला फरक मला कळतो. रमजानची एकोणीस तारीख. संध्याकाळी. भाऊ डबी घेऊन लॅबमध्ये गेला आणि रोजा सोडायच्या तोफेच्या आधी धावतपळत घरी आला, सूप निवलं म्हणून वहिनी चिडली होती. हे इंजिनिअर कोण? बरं. बस बाळा, उभा का?"

महरूस, त्याच्या दारात; आत या म्हणाला नाही: "दोन डब्या होत्या. दोन्हींवर लाल उजेड धरला, दोन्ही वेळा सुहैरबाईंचं नाव आलं. त्यात काय विशेष? एकाच बाईचे दोन-दोन तुकडे येतात की. एक चांगला निघाला, एकात रोग. तसंच लिहिलं. नाही, खालचा आकडा नाही वाचला. का म्हणजे? या साहेबांना विचारा. शिकवायला आले तेव्हा यांनीच सांगितलं होतं, डोळ्यांनी वाचू नका, डोळे चुकतात, मशीनला वाचू द्या. विचारा ना. समोरच आहे."

नशवा, खिडकीवर: "मी इथेच होते. हो, शेवटपर्यंत. सुहैरबाईंची डबी मीच नोंदवली. नंतर कुणी नाही आलं. इफ्तारच्या वेळी येतं कोण? मन्सूऱ्यात तेव्हा कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं."

गिरगिस, जुन्या कागदांच्या खोलीत, वय त्रेसष्ट, सगळे त्याला अम्म गिरगिस, म्हणजे गिरगिसकाका, म्हणतात: "मला काय माहीत असणार, मदाम? मी कागद ठेवतो. चहा घेणार?"

पेला भरून चहा बशीत सांडला तरी तो ओततच राहिला. मदाम फिक्रियांनी ते पाहिलं. हातेमनंही पाहिलं, आणि त्याला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून नंतर लाज वाटली, पण आधी बरंच वाटलं.

४

"एकोणीस तारखेची यादी काढ."

हातेमनं काढली. एक्केचाळीस नमुने. प्रत्येकासमोर निकाल होता. एकही जागा रिकामी नव्हती.

"रिकामी जागा असती तर ती बाई सापडली असती," तो म्हणाला.

"शेवटचा आकडा कुठला?"

"एकसष्टशे सतरा. सुहैरबाई."

"आणि वीस तारखेचा पहिला?"

"एकसष्टशे एकोणीस."

त्यांनी बी फोडली नाही. ती दातांत तशीच धरून ठेवली. "अठरा कुठे गेला?"

"आकडे टोकनांच्या रिळावर छापलेले येतात, मदाम. एखादं फाटतं, वाया जातं. महिन्यात चार-पाच जातातच."

"हं. आणि आलेल्या डब्या? फेकता?"

"तीन महिने ठेवतात."

"रमजान संपून दोन झाले." त्या उठल्या. "चल."

४

डब्यांचं कपाट आतल्या खोलीत होतं. तारखेप्रमाणे खण होते. मदाम फिक्रियांनी एकोणीस तारखेचा खण टेबलावर आणला आणि डब्या एकेक करून मांडल्या, लहान मुलं गोट्या मांडतात तशा. मोजल्या. परत मोजल्या.

"यादीत किती म्हणालास?"

"एक्केचाळीस."

"माझ्याकडे बेचाळीस आहेत."

हातेमनं लाल उजेडाचं यंत्र उचललं. त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"ते राहू दे. सगळ्यांनी यानंच पाहिलंय." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक डबी डोळ्यांपाशी नेली. रेघा वाचता येतात अशी कुणाची नजर नसते. पण दोन चित्रं एकसारखी आहेत की नाहीत, हे बघायला वाचता यावं लागत नाही. एक डबी त्यांनी दुसरीच्या डोक्यावर धरली. मग तिसरीच्या. अर्ध्या तासानं त्यांनी दोन डब्या खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवल्या.

|| | ||| || | |||| | ||
6117

|| | ||| || | |||| | ||
٦١١٨

"रेघा त्याच. आकडे वेगळे," त्या म्हणाल्या. "आणि एकावर इंग्रजी आकडे, दुसरीवर आपले अरबी. बाशमुहंदिस, नशवा आकडे कसे टाकते?"

"इंग्रजीत. खिडकीवरच्या संगणकावर दुसरे उमटतच नाहीत."

"मग हे कशावर उमटले?"

हातेमचा हात खिशातल्या फोनकडे गेला. अरबी कळफलक लावलेल्या फोनवर अरबी आकडे उमटतात. त्याचं पान फोनवरही उघडायचं. ते त्यानंच तसं केलं होतं, आणि डॉक्टरांना मोठ्या अभिमानानं दाखवलं होतं.

"इथे फोनवर कोण काम करतं?" मदाम फिक्रियांनी विचारलं.

५

"मी," अम्म गिरगिस म्हणाला.

नशवा उठली. "नाही मदाम, यांचा काही संबंध नाही, मीच—"

"बस गं पोरी." तो दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "रमजानात तोफेच्या आधी मी यांना घरी पाठवतो. पंधरा वर्षं झाली. यांचा रोजा असतो, मी ख्रिस्ती, माझा नाही. अर्धा तास मी खिडकीवर बसलो तर माझं काय जातं? पोरीची सासू आजारी, दोन लेकरं ताटावर वाट बघत बसतात."

"आणि नोंद नशवाच्या नावावर."

"तिच्याच. मला खिडकीवर बसायची परवानगी नाही, म्हणून तर ती खोटं बोलली. माझ्यासाठी. संगणकावरची अक्षरं मला दिसत नाहीत. फोनवर दोन बोटांनी मोठी करता येतात." तो थांबला. "त्या महिन्यात माझ्या वेळेला एकच जण आलं. मायक्रोबसचा ड्रायव्हर. गावाकडच्या कुणा बाईची डबी घेऊन. तोही घाईत होता, तोंडात खजूर धरून तोफेची वाट बघत होता. मी आकडा टाकला, चित्र आलं, छापलं, लावलं."

"चित्र आलं?"

"आलं की. नसतं आलं तर मी नशवाला फोन केला असता."

मदाम फिक्रियांनी हातेमकडे पाहिलं. पण विचारलं ते वेगळंच. "ती बाई कोण, ते निघेल?"

निघालं. हातेमनं स्वतःच्या फोनवर तोच आकडा अरबीत टाकला, आणि कुठल्याही यादीत नसलेलं पान उघडलं. यादी इंग्रजी आकड्यांच्या क्रमानं लागायची, म्हणून हे पान इतके दिवस तिच्या बाहेर पडलेलं होतं. नेअमात अब्दुल-गफ्फार. वय अठ्ठेचाळीस. गाव कफ्र अबू-हजर. फोन: नाही. निकाल: कोरा.

"कोरा!" डॉक्टर मुनीरांनी तोंडावर हात ठेवला. "पण मग ती विचारायला का नाही आली?"

"तुम्हीच सगळ्यांना सांगता ना डॉक्टर," नशवा रडत म्हणाली, "काही वाईट असेल तर आम्हीच कळवू. निरोप आला नाही म्हणजे बरंच आहे, असं धरून चालतात लोक."

६

सगळे बोलत होते. कफ्र अबू-हजरला कसं जायचं, कुणी जायचं. हातेम खिडकीवरच्या संगणकासमोर बसला आणि त्यानं तीन वर्षांपूर्वीचा आपला कोड उघडला.

सापडायला एक मिनिटही लागलं नाही.

बारकोडचं चित्र काढणारं साधन परदेशी होतं. त्याला इंग्रजी आकडेच समजत. अरबी आकडा दिला की ते अडून बसे आणि चित्राच्या जागी फाटलेला चौकोन दिसे. डॉक्टर मुनीरांना पहिल्यांदा दाखवायच्या सकाळी तसा चौकोन एकदा दिसला होता. कशामुळे, ते शोधायला वेळ नव्हता. डॉक्टर जिना चढत होत्या. तेव्हा त्यानं एक ओळ लिहिली: चित्र निघालं नाही, तर आधी काढलेलं चित्र दाखव.

शेजारी त्याचीच टीप होती. तात्पुरतं.

अठराच्या आधीचं चित्र सतराचं होतं.

७

ती ओळ त्यानं पुसली.

८

"सापडलं," तो वळून म्हणाला. आवाज त्याला वाटलं त्यापेक्षा बरा निघाला. "अम्म गिरगिस यांनी अरबी आकडे टाकले. त्यानं गोंधळ झाला. आता मी बंदोबस्त केलाय, पुन्हा होणार नाही."

गिरगिस टेबलाचा कोपरा धरून उभा होता. त्यानं मान डोलावली, कुणीतरी आपलं वय सांगावं आणि ते बरोबर असावं तशी. "माझंच," तो म्हणाला. "माझंच झालं. डॉक्टर, महरूसला परत बोलवा. मी उद्यापासून येत नाही."

"अम्म गिरगिस!" नशवा म्हणाली.

"या वयात दुसऱ्याच्या खुर्चीत बसू नये पोरी."

डॉक्टर मुनीरांनी डोळे मिटले होते. त्या हो म्हणणार होत्या. हातेमला ते दिसत होतं. अजून एक क्षण गप्प बसलं की झालं, एवढंच काम उरलं होतं.

मदाम फिक्रियांनी तळहातावरची टरफलं कागदात गुंडाळली.

"मला यातलं कळत नाही, म्हणून विचारते," त्या म्हणाल्या. "वर्गात पोराला उत्तर येत नसेल तर ते गप्प बसतं, नाही तर 'येत नाही' म्हणतं. शेजारच्याच्या पाटीवरचं बघून लिहितं ते पोर कसलं असतं?"

"लबाड," डॉक्टर म्हणाल्या.

"गिरगिसनं अरबी आकडे टाकले, ठीक. मशीनला ते वाचता आले नाहीत, तेही ठीक. मग त्यानं 'येत नाही' का नाही म्हटलं? सुहैरबाईंच्या रेघा कुठून आल्या? आपसूक आल्या? का त्याला कुणी तसं शिकवलं होतं?"

त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. कागदाची पुडी नीट करत होत्या. आणि त्याला कळलं की यांना पडद्यावरचं एक अक्षर वाचता येत नाही, आणि यांनी सगळं वाचलंय.

"मी शिकवलं," हातेम म्हणाला.

त्यानं पडदा सगळ्यांकडे वळवला.

"मी शिकवलं. अशी एक ओळ होती. आत्ता पुसली मी ती, तुम्ही बोलत होता तेव्हा. जुनी प्रत ठेवलेली असते, दाखवतो. चित्र निघालं नाही तर आधीचं दाखव. फाटका चौकोन दिसू नये म्हणून. डॉक्टरांना दाखवायचं होतं, आणि मला ते चांगलं दिसायला हवं होतं." तो थांबला, कारण इथे संपवता आलं असतं. "आणि 'प्रणाली तपासली' असं मी लिहिलं, तेव्हा मी गाडीत होतो. काहीच तपासलं नव्हतं. त्या दोन ओळींवर महरूस गेला."

डॉक्टर मुनीरांनी फोन उचलला, महरूसला लावला आणि हातेमच्या हातात दिला.

त्यानं सगळं सांगितलं. पलीकडे रस्त्यावरचा गोंगाट ऐकू येत होता.

"परवा," महरूस शेवटी म्हणाला, "तू ते लिहिलंस तेव्हा. मला एक फोन तरी करायचास. विचारायचंस, महरूस, काय झालं रे? मी डब्या दोन होत्या एवढं सांगितलं असतं. तेवढ्यानं तुझ्या डोक्यात उजेड पडला असता. तू हुशार आहेस."

आणि त्यानं फोन ठेवला.

९

कफ्र अबू-हजरला मदाम फिक्रियाही आल्या. "मी बोलणार नाही," त्या गाडीत म्हणाल्या. "नुसती बसेन. बाई माणूस सोबत असलं की दार उघडतात."

नेअमात अब्दुल-गफ्फार यांना गावात त्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. उम्म रिझ्क, म्हणजे रिझ्कची आई, म्हटल्यावर तिघांनी एकदम बोट दाखवलं. अंगणात मातीच्या भट्टीसमोर ती फतीर, पापुद्र्यांची जाड रोटी, भाजत होती, बाह्या कोपरापर्यंत वर, कपाळाला पीठ. पाहुणे बघून तिनं आधी फतीर मोडून ताटलीत ठेवलं, मध ओतला, आणि मग विचारलं, "कुणाकडचे तुम्ही?"

हातेम खाली बसला. त्यानं मध असलेली ताटली हातात धरली आणि सांगितलं. रमजानात तुम्ही पाठवलेली डबी. तिचा निकाल. निकाल तुम्हाला का कळला नाही ते. उद्या सकाळी हॉस्पिटलमध्ये तुमची जागा धरली आहे, डॉक्टर मुनीरा स्वतः थांबणार आहेत. त्यांच्या मते उशीर झालाय, पण फार नाही.

भट्टीतलं फतीर करपायला लागलं. तिनं ते काढलं नाही.

"तू डॉक्टर?"

"नाही. डबीवरच्या रेघा काढणारं मशीन माझं. चूक त्याची नाही. माझी."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला मान खाली घालावीशी वाटली, आणि घालता आली नाही. मग ती मदाम फिक्रियांकडे वळली. "हाज्जा, माझा निकाल कोरा राहिला म्हणता. मग तो गेला कुठे?"

मदाम फिक्रिया कबूल केल्याप्रमाणे गप्प बसल्या.

"दुसऱ्या बाईच्या नावावर गेला," हातेम म्हणाला. "मन्सूऱ्याच्या. शिक्षिका आहेत. त्यांना काहीच नव्हतं."

"आणि?"

"त्यांचं ऑपरेशन झालं."

उम्म रिझ्कचा हात नकळत छातीशी गेला. अंगणातल्या कोंबड्या करपलेल्या वासापासून लांब सरकल्या.

"तिला ठाऊक आहे, कशामुळे झालं ते?"

"चूक झाली हे ठाऊक आहे. कुणाची, ते नाही. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी मला बस म्हटलं. मी बसलो. पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं."

"आता आहे ना?"

"आता आहे."

ती उठली. भट्टीच्या तोंडावर तिनं पत्रा लावला, हात धुतले, आत जाऊन काळा अबाया घालून आली. शेजारणीला भिंतीवरून ओरडून सांगितलं की रिझ्कला जेवायला वाढ, मी मन्सूऱ्याला जातेय.

"उद्या सकाळी जायचंय, उम्म रिझ्क," हातेम म्हणाला. "आज नाही."

"हॉस्पिटल उद्या." ती गाडीत मागे बसली आणि दार ओढून घेतलं. "माझ्या वाटणीचं त्या बाईनं भोगलं. तिला तोंड न दाखवता मी त्या खाटेवर निजू कशी? तू सांगायचंस, मी शेजारी बसेन. घर कुठे तिचं?"

हातेमनं पत्ता सांगितला. मग गाडी सुरू करायच्या आधी त्यानं फोन काढला. पलीकडे उस्ताझा सुहैर यांनी लगेच उचलला.

"मी हातेम," तो म्हणाला. "त्या दिवशी मदाम फिक्रियांबरोबर आलेला. तुमच्याकडे येतोय. काय झालं ते सांगायला. नाही, लॅबनं पाठवलेलं नाही. मी माझा येतोय."